ड्रायसूटचा इन्फ्लेटर होज: आधी वाट ठरवा, लांबी नंतर

ड्रायसूट (डायव्हिंगचा, आत पाणी न शिरू देणारा सूट) घेताना लोक मटेरियल, झिप, गळ्याचं सील, बूट यावर महिना महिना डोकं लावतात आणि होजची, म्हणजे सूटमधे हवा आणणाऱ्या नळीची, वेळ आली की सूटच्या बॉक्समधे जो आला तो फर्स्ट स्टेजला (सिलिंडरवर बसणारा, हवेचा दाब कमी करणारा रेग्युलेटरचा भाग) लावून मोकळे होतात. बहुतेक वेळा चालूनही जातं. पण पाण्यात गेल्यावर लक्षात येतं की हात वर केला की छातीवरचा व्हॉल्व्ह ओढला जातोय, नाहीतर काखेतून होजचा मोठा लूप बाहेर आलाय आणि तो जाईल तिथं अडकतोय, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे जाड ग्लोव्हज घातल्यावर होजचं कपलिंग, म्हणजे टोकाचा जोड, सोडवताच येत नाहीये. माझं यावर ठाम मत आहे, होज घेताना पहिला प्रश्न "किती लांब घेऊ" हा नसतोच, पहिला प्रश्न असतो की हा होज कुठून कुठे जाणार आणि अडचणीच्या वेळी माझा हात त्याच्यापर्यंत न बघता पोचणार का. बाकी सगळं, म्हणजे लांबी, मटेरियल, फिटिंग, हे त्यातून आपोआप ठरत जातं.

थोडक्यात पार्श्वभूमी, नवीन लोकांसाठी. पृष्ठभागावर १ बार दाब असतो, १० मीटरवर २ बार होतो, म्हणजे सूटमधली हवा निम्म्या जागेत दाबली जाते आणि सूट अंगाला आवळायला लागतो. ही जागा भरायला फर्स्ट स्टेजमधून इंटरमीडिएट प्रेशरची हवा (आजूबाजूच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त) होजमधून छातीवरच्या इनलेट व्हॉल्व्हकडे येते, तुम्ही बटण दाबता, हवा आत जाते. बाहेर जायचा रस्ता डाव्या दंडावरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून. तेव्हा होजचं एक काम हवा पोचवणं, आणि दुसरं तितकंच मोठं काम म्हणजे बटण अडकून सूट आपोआप फुगायला लागला तर एका झटक्यात सुटणं. हे दुसरं काम डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं वाचा.

पहिली पायरी: व्हॉल्व्हवर कुठलं निपल आहे ते बघा

काही विकत घ्यायच्या आधी सूटच्या छातीवरचा इनलेट व्हॉल्व्ह नीट बघा. त्याच्या बाजूनं एक धातूचं निपल बाहेर आलेलं असतं, त्यावर होजचं कपलिंग बसतं. आजकाल बहुतेक सूटवर तेच निपल येतं जे बीसीडीच्या (हवा भरून तरंगणं सांभाळायच्या जॅकेटच्या किंवा विंगच्या) इन्फ्लेटरवर असतं, त्यामुळे बीसीडीचा साधा लो प्रेशर होज त्यावर खटकन बसतो. दुसरा प्रकार म्हणजे सेजन, हे स्वीडिश कपलिंग आहे, जास्त हवा सोडणारं, जुन्या सूटवर आणि कमर्शियल किंवा लष्करी डायव्हिंगमधून आलेल्या सूटवर अजूनही दिसतं. दोन्ही एकमेकांवर बसत नाहीत, जबरदस्ती करून काही उपयोग नाही. एसआय टेकसारख्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्या दोन्ही प्रकारची निपल देतात, म्हणजे सेकंडहँड सूट सेजनवाला मिळाला आणि तुम्हाला साधं हवं असेल तर निपल बदलून घेता येतं, पण ते काम सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या.

आता यातलं कुठलं चांगलं? साध्या स्पोर्ट डायव्हिंगला माझं मत सरळ साध्या बीसीडी टाइपच्या बाजूनं आहे. सेजनमधून हवा भसकन येते, अगदी खोल, पटकन खाली जाणाऱ्याला ते बरं वाटतं, पण व्हॉल्व्ह अडकला तर सूट तेवढ्याच वेगानं फुगतो आणि तुमच्या हातात वेळ कमी राहतो. शिवाय साध्या टाइपचा होज जवळपास कुठल्याही डाइव्ह बोटीवर उसना मिळतो, सेजन विचारलं तर बहुतेक ठिकाणी नकारच येतो. आणखी एक फायदा नंतर मेंटेनन्समधे येईल.

कपलिंगची कॉलर, म्हणजे जी मागे ओढल्यावर होज सुटतो ती रिंग, तिच्याकडेही आत्ताच बघा. गुळगुळीत बारीक धातूची कॉलर ओल्या पाच एमएमच्या ग्लोव्हजमधे निसटते. खाचा असलेली, थोडी जाड कॉलर घ्या, किंवा तिच्यावर चढवायचे रबराचे किंवा प्लास्टिकचे मोठे ग्रिप मिळतात ते लावा. ड्राय ग्लोव्हज किंवा तीन बोटांचे जाड ग्लोव्हज वापरणार असाल तर हे सोडूच नका.

दुसरी पायरी: फर्स्ट स्टेजवरचं पोर्ट

लो प्रेशर पोर्ट (दाब कमी केलेल्या हवेचा होज लावायचं भोक) जवळपास सगळीकडे ३/८ इंचाचं असतं आणि हाय प्रेशर ७/१६ इंचाचं. इन्फ्लेटर होज ३/८ चा येतो. काही फर्स्ट स्टेजवर टरेटच्या, म्हणजे होज लागतात त्या फिरत्या भागाच्या, टोकाला एक पाचवं लो प्रेशर पोर्ट असतं ते १/२ इंचाचं असतं, ते मुख्य सेकंड स्टेजसाठी (तोंडात धरून श्वास घ्यायचा भाग) ठेवलेलं असतं, तिथं ड्रायसूटचा होज अडॅप्टर लावून बसवायच्या भानगडीत पडू नका. पोर्टशेजारी एचपी (हाय प्रेशर) कोरलेलं असतं ते वाचायची सवय ठेवा, खासकरून फार जुना रेग्युलेटर असेल तर, कारण जुन्या काही मॉडेलवर हाय आणि लो दोन्ही पोर्ट एकाच मापाचे असायचे. लो प्रेशरचा होज चुकून हाय प्रेशर पोर्टला लागला आणि सिलिंडर उघडला तर दहा बारसाठी बनलेल्या होजमधे दोनशे बार जाणार, तो तिथंच फुटतो आणि चेहऱ्याजवळ फुटतो.

पोर्ट मोकळं आहे का हेही बघा, मुख्य सेकंड स्टेज, ऑक्टोपस (जादाची सेकंड स्टेज), बीसीडी आणि ड्रायसूट असे चार होज होतात आणि काही छोट्या फर्स्ट स्टेजवर चारच लो प्रेशर पोर्ट असतात, तेव्हा कुठला होज कुठं हे पुन्हा मांडावं लागतं. ड्रायसूटसाठी असं पोर्ट निवडा जे होजला खाली आणि बाजूला तोंड करून सोडेल. वर किंवा सरळ बाहेर तोंड असलेल्या पोर्टमधून होज काढून मग त्याला खाली वाकवला तर क्रिंपपाशीच (होजच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी) ताण बसतो आणि होज तिथंच आधी चिरतो. नव्वद अंशाचे कोनी अडॅप्टर लावून ही अडचण सोडवता येते असं वाटतं, पण प्रत्येक अडॅप्टर म्हणजे आणखी एक दोन ओ-रिंग (सील करणाऱ्या रबराच्या कड्या) आणि गळायची आणखी एक जागा, त्यामुळे आधी पोर्ट बदलून बघा, फर्स्ट स्टेज थोडी फिरवून बसवून बघा, अडॅप्टर सगळ्यात शेवटी.

तिसरी पायरी: वाट, आणि इथं घाई करू नका

सिंगल सिलिंडरवर सगळ्यात प्रचलित वाट म्हणजे फर्स्ट स्टेजच्या डाव्या बाजूच्या पोर्टमधून निघून डाव्या काखेखालून पुढे छातीवर. उजव्या काखेखालून आणणारेही आहेत आणि त्यात चूक काहीच नाही, उजवीकडे मुख्य सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस दोन्ही असतील तर गर्दी होते एवढंच. डावीकडून आणल्यावर डावा हात बीसीडीच्या इन्फ्लेटरला मोकळा राहतो, उजवा हात छातीवरचं बटण दाबतो आणि गरज पडली तर तोच उजवा हात कपलिंग ओढून काढतो, त्याच वेळी डावा हात वर जाऊन दंडावरचा एक्झॉस्ट सर्वात उंच करतो. म्हणजे दोन्ही हातांना आपापलं काम मिळतं. म्हणून मी डावीच वाट सुचवतो.

खांद्यावरून आणायचा मोह होतो कारण होज छोटा लागतो आणि दिसायलाही नीटनेटका वाटतो. पण खांद्यावरून आलेला होज बीसीडीच्या इन्फ्लेटरच्या नळीत गुंततो, मान वळवताना मधे येतो, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला घासतो, आणि अंधारात किंवा गढूळ पाण्यात हातानं चाचपडताना कुठला होज कुठला हे कळत नाही. काखेखालून आलेला होज एकटा असतो, छातीच्या मधोमध येतो, हात बरोबर त्याच्यावर पडतो.

मग बेल्टच्या आतून का बाहेरून? नियम असा ठेवा की होज जोडलेला असताना कुठलाही पट्टा, छातीचा क्लिप किंवा कंबरेचा बकल उघडायला होज आडवा येता कामा नये आणि कपलिंग सुटल्यावर होज तिथल्या तिथं मोकळा पडला पाहिजे. जॅकेट बीसीडीत जॅकेट फुगलं की काखेतली जागा भरते, होज जॅकेट आणि छातीच्या मधे असेल तर दाबला जातो, म्हणून जॅकेटच्या बाहेरून आणा आणि जॅकेट पूर्ण फुगवून एकदा बघा. बॅकप्लेट-विंगला (पाठीवरच्या पत्र्यामागे हवेचा फुगा असलेली बीसीडी) हा त्रास कमी, विंग मागे असते, होज विंगच्या खालच्या बाजूनं बरगड्यांना चिकटून पुढे येतो आणि तिथं हार्नेसला एक छोटा इलॅस्टिकचा फास लावला तर लूप अंगाजवळ राहतो. हा फास इतका सैल हवा की जोरात ओढलं तर होज निघून यायला हवा. झिप टाय लावून होज हार्नेसला पक्का बांधून टाकू नका, काहीही झालं तरी.

ट्विन सिलिंडर मॅनिफोल्डवर (दोन सिलिंडर एकमेकांना जोडणारी नळी) असतील तर गोष्ट थोडी रोचक होते, आणि इथं जरा थांबून समजून घेणं फायद्याचं आहे. रूढ मांडणीत उजव्या पोस्टवर, म्हणजे उजव्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह आणि फर्स्ट स्टेजवर, लांब होजची मुख्य सेकंड स्टेज आणि विंगचा इन्फ्लेटर, डाव्या पोस्टवर गळ्यातली बॅकअप सेकंड स्टेज, प्रेशर गेज आणि ड्रायसूटचा इन्फ्लेटर. असं का? कारण विंग आणि ड्रायसूट ही दोन्ही तरंगायची साधनं वेगवेगळ्या फर्स्ट स्टेजवर राहतात. एका बाजूला काही झालं आणि तो पोस्ट बंद करावा लागला तरी दुसरं चालू राहतं. शिवाय डावा नॉब छताला किंवा दोराला घासत पुढे जाताना हळूहळू बंद होत जाण्याच्या दिशेनं फिरतो, उजवा उघडण्याच्या दिशेनं. डावा असा नकळत बंद झालाच तर सूटमधे हवा येत नाही आणि ते लगेच कळतं, पण श्वास आणि विंग दोन्ही उजवीकडे शाबूत असतात. ज्यांनी विंग आणि सूट दोन्ही एकाच पोस्टवर लावलेत त्यांनी हे जरूर बदलावं.

साइडमाउंटमधेही (सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना) तत्त्व तेच, विंग एका सिलिंडरवर आणि सूट दुसऱ्यावर. फक्त फर्स्ट स्टेज काखेच्या अगदी जवळ असल्यानं होज बराच छोटा लागतो आणि बॅकमाउंटवरचा तोच होज वापरला तर पोटावर त्याचं वेटोळं लोंबकळतं.

ट्रायमिक्स (हेलियम मिसळलेला श्वासाचा वायू) वापरणारे आणि बरेच रिब्रीदरवाले (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं यंत्र घेणारे) सूटसाठी वेगळी छोटी बाटली लावतात, कारण हेलियम उष्णता हवेच्या साधारण सहापट वाहून नेतो, तो सूटमधे भरला तर माणूस गारठतो. साधी हवा भरा किंवा आर्गॉन, आर्गॉनची उष्णता वाहण्याची क्षमता हवेच्या साधारण दोन तृतीयांश आहे. बाटली बहुतेक बॅकप्लेटच्या किंवा सिलिंडरच्या डाव्या बाजूला बसते, नॉब हाताला लागेल असा, आणि होज तिथून डाव्या काखेखालून. इथं दोन गोष्टी अजिबात चुकवायच्या नाहीत. पहिली, त्या फर्स्ट स्टेजवर ओव्हरप्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. नेहमीच्या रेग्युलेटरमधे इंटरमीडिएट प्रेशर चढलं तर सेकंड स्टेज स्वतःच हवा सोडून देते, पण या बाटलीवर सेकंड स्टेजच नसते, त्यामुळे वाढलेला दाब थेट होज आणि इनलेट व्हॉल्व्हवर येतो. दुसरी, आर्गॉनच्या बाटलीवर कधीही सेकंड स्टेज लावायची नाही आणि बाटलीवर ठळक अक्षरात लिहून ठेवायचं, कारण आर्गॉनमधे ऑक्सिजन नसतो आणि त्यातून दोनचार श्वास घेतले की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो.

चौथी पायरी: लांबी मोजा, अंदाज नको

बाजारात बॅकमाउंटसाठी ७० ते ७५ सेंटिमीटरचे आणि ९० सेंटिमीटरचे होज सर्रास मिळतात, मधली मापंही असतात. उंची बघून सांगता येत नाही, कारण छातीचा घेर, अंडरसूटची जाडी, सिलिंडर किती उंच बांधलाय, व्हॉल्व्ह मधोमध आहे की बाजूला, सगळं मधे येतं. त्यामुळे सुतळी घ्या. जाड अंडरसूट घालून वर ड्रायसूट घाला, सिलिंडर-बीसीडी पूर्ण बांधून पाठीवर घ्या आणि सोबत कुणालातरी ठेवा. सोबतीला सांगा सुतळीचं एक टोक पोर्टपाशी धर, तिथून होज ज्या वळणानं जाणार त्याच वळणानं, काखेत कोपरा न करता, सुतळी पुढे व्हॉल्व्हच्या निपलपर्यंत आण. व्हॉल्व्हचं डोकं फिरवता येतं, ते आधी होज येणार त्या दिशेला वळवून घ्या, म्हणजे डावीकडून होज येत असेल तर निपल डावीकडे आणि किंचित खाली. तिथं सुतळीला गाठ मारा.

आता सुतळी हातात धरूनच दोन्ही हात डोक्यामागे न्या, जणू सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करताय. पुढे वाका. उजवीकडे पूर्ण वळा. गाठ किती सरकते ते बघा. मग सूटमधे तोंडानं किंवा होजनं थोडी हवा भरून छाती फुगवा आणि पुन्हा बघा, फुगलेल्या सूटमधे व्हॉल्व्ह चांगला दोनचार बोटं पुढे येतो. सगळ्यात जास्त जिथं गाठ सरकली तिथं दुसरी गाठ मारा आणि त्यात पाच ते आठ सेंटिमीटर सैलपणा धरा. ती लांबी म्हणजे तुमचा होज. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या, कारण थोडा जास्तीचा होज इलॅस्टिकच्या फासात अंगाजवळ बसवता येतो पण आखूड होज ताणून लांब होत नाही, तो व्हॉल्व्हला ओढत राहतो आणि व्हॉल्व्हच्या मागच्या सूटच्या कापडावर रोज तो ताण बसत राहतो. पण मोठं म्हणजे किती मोठं, तर काखेतून बाहेर येणारा लूप हाताच्या कडेच्या पलीकडे दिसायला नको. आरशात समोरून बघा, दोन्ही हात अंगाला लावून. होज बाहेर डोकावत असेल तर लांब झाला.

पाचवी पायरी: रबर की ब्रेडेड

साधा रबराचा होज जड असतो, कडक असतो, फार वळत नाही, पण त्याला फुगवटा आला, चीर पडली की डोळ्यांना लगेच दिसते आणि वर्षानुवर्षं टिकतो. ब्रेडेड, म्हणजे नायलॉनचं विणलेलं आवरण असलेला होज हलका आणि खूप लवचिक असतो, काखेच्या वळणाला तो छान बसतो हे खरंच आहे. पण विणलेल्या आवरणामुळे आतली नळी दिसत नाही, आवरणात मीठ आणि वाळू बसते, आणि डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणजे डॅननं काही ब्रेडेड होजच्या आतल्या पॉलियुरेथेन अस्तराचा दर्जा खराब होऊन त्याचे कण आतच जमल्याचं लोकांसमोर मांडलंय, उष्ण दमट हवेत ठेवलेल्या होजमधे जास्त. सेकंड स्टेजला श्वास अडला तर ते गंभीरच, पण इन्फ्लेटरमधेही असा कण इनलेट व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसला तर बटण सोडल्यावर हवा येतच राहू शकते. माझा कल म्हणून ड्रायसूटसाठी रबराकडे आहे. ब्रेडेडच हवा असेल तर घ्या, फक्त तो उन्हात, गाडीच्या डिकीत टाकून ठेवू नका आणि निर्मात्यानं सांगितलेल्या मुदतीत बदला.

सहावी पायरी: बसवणं

सिलिंडर बंद, रेग्युलेटरमधला दाब पूर्ण सोडलेला, गेजवर शून्य. पोर्टचा प्लग अॅलन कीनं काढा (बहुतेक ठिकाणी ४ एमएमची लागते), प्लग आणि त्याची ओ-रिंग जपून ठेवा, सेव्ह-अ-डाइव्ह किटमधे (सुट्या भागांचा डबा) टाका. होजच्या टोकावरची ओ-रिंग बघा, बोट फिरवून बघा, खरवडलेली किंवा चपटी असेल तर बदला, ३/८ च्या पोर्टला ०११ मापाची लागते. होज हातानं पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, हातानं जात नसेल तर आटे तिरके लागलेत, मागे घ्या आणि पुन्हा लावा. मग पान्यानं हलकासा कसा. सील ओ-रिंग करते, जोर नाही, जास्त जोर लावला की ओ-रिंग दबून खराब होते आणि पुढच्या वेळी होज निघता निघत नाही. रेग्युलेटरची वॉरंटी किंवा सर्व्हिस चालू असेल तर हे काम सर्व्हिस टेक्निशियनकडून करून घ्यायलाही काही हरकत नाही.

आता दाब द्या आणि दोन्ही टोकं साबणाच्या पाण्यानं ओली करा. बुडबुडा आला की पुन्हा सुट्टं करून बघायचं, "एवढंसं चालतं" म्हणायचं नाही.

कपलिंग लावताना कॉलर मागे ओढा, निपलवर सरळ दाबा, कॉलर सोडा आणि मग होज ओढून बघा. ओढूनही न सुटला तर काम संपलं असं समजू नका. कपलिंगच्या आत एक छोटा श्रेडर व्हॉल्व्ह असतो, टायरच्या व्हॉल्व्हसारखाच, तो निपलनं आत दाबला गेला तरच हवा पुढे जाते. कपलिंग अर्धवट बसलं तर ते धरून राहू शकतं पण हवा येत नाही. म्हणून बटण दाबायचंच, हवा सूटमधे शिरल्याचं छातीवर जाणवायला हवं, मग एक्झॉस्टमधून ती बाहेर जातेय तेही बघायचं. हे प्रत्येक डाइव्हच्या आधी, बडीसमोर (जोडीदार डायव्हर). होज जोडायचाच राहिला आणि माणूस पाण्यात उतरला, खाली जाताना सूट आवळत गेला आणि हात नीट हलेनात, असे प्रसंग होतात आणि ते या एका चाचणीनं टळतात.

सातवी पायरी: कोरड्यावर, मग उथळ पाण्यात

पूर्ण गिअर आणि तेच ग्लोव्हज घालून उभे राहा, डोळे मिटा आणि उजव्या हातानं कपलिंग शोधून सोडवा. पुन्हा जोडा. पुन्हा सोडवा. मग डाव्या हातानंही करून बघा, कारण उजवा हात कायम मोकळा असेलच असं नाही. छातीवरच्या डी-रिंगला टॉर्च किंवा जादाचा स्टेज सिलिंडर लावत असाल तर तेही लावून बघा. पहिल्या झटक्यात सुटत नसेल तर काय आड येतंय ते शोधा: निपल चुकीच्या दिशेला वळलंय, कॉलर बारीक आहे, होज इतका ताणलेला आहे की कॉलर मागे सरकायला जागाच नाही. शेवटचं फार वेळा दिसतं, कॉलर मागे ओढताना होजलाही किंचित पुढे ढकलावं लागतं आणि आखूड होज ते करू देत नाही.

मग स्विमिंग पूलमधे किंवा चारपाच मीटरवर, इन्स्ट्रक्टर किंवा अनुभवी बडीसोबत, व्हॉल्व्ह अडकल्याचा सराव करा. क्रम असा: एक्झॉस्ट पूर्ण उघडा आणि डावा दंड वर करा, त्याच वेळी उजव्या हातानं होज सोडवा, डोकं वर ठेवा म्हणजे हवा पायात जात नाही. होज सुटल्यावर आता सूटमधे हवा भरता येणार नाही हे लक्षात असू द्या, म्हणजे खाली जायचं नाही, तरंगणं बीसीडीवर सांभाळायचं आणि सावकाश वर येऊन डाइव्ह संपवायची. सुटलेला होज कुठं जातो तेही बघा, सेकंड स्टेजमधे अडकतो का, पायाकडे लोंबतो का.

थंड पाण्यात, १० अंशाच्या खाली, थोडी वेगळी काळजी लागते. युरोपियन ईएन २५० मानकात जो रेग्युलेटर १० अंशाच्या खाली तपासलेला नसतो त्यावर १० अंशापेक्षा जास्त तापमानासाठी असा शिक्का असतो, तो बघून घ्या. सिलिंडरमधली दोनशे बारची हवा दहा बारवर येताना प्रसरण पावते आणि प्रचंड गार होते, बटण दाबून धरलं तर फर्स्ट स्टेज आणि इनलेट व्हॉल्व्ह दोन्हीवर बर्फ धरू शकतो आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. म्हणून छोटे छोटे फटके द्यायचे, एकेक सेकंदाचे, आणि श्वास आत घेत असतानाच बटण दाबायचं नाही कारण दोन्ही मागण्या एकाच वेळी फर्स्ट स्टेजवर येतात. बर्फाखाली किंवा गोठलेल्या तळ्यात नेहमी जाणारे दोन आउटलेटचा सिलिंडर व्हॉल्व्ह आणि दोन वेगळ्या फर्स्ट स्टेज वापरतात, एकीवर मुख्य सेकंड स्टेज आणि बीसीडी, दुसरीवर ऑक्टोपस आणि ड्रायसूट, म्हणजे एक गोठून फ्री फ्लो झाली (हवा थांबेना) तर ती बंद करूनही दुसऱ्या बाजूनं श्वास आणि तरंगायचं एक साधन दोन्ही चालतात.

देखभाल, पटकन पण मनापासून

डाइव्हनंतर होज गोड्या पाण्यात धुताना कॉलर मागे-पुढे सरकवत धुवा, मीठ कॉलरच्या आतच बसतं आणि मग नेमकी गरज असते तेव्हा ती हलत नाही. धुताना रेग्युलेटरला दाब दिलेला असेल तर श्रेडरमधून पाणी आत जायची भीती राहत नाही. सूटच्या निपलवरूनही बोट फिरवा, त्याच्या खाचेत वाळूचा एक कण असला तरी कपलिंग नीट बसत नाही. बेंड प्रोटेक्टर (होजच्या टोकावर चढवायचं आवरण) लावलेला असेल तर अधूनमधून तो मागे सरकवून क्रिंपपाशी बघा, होज आधी तिथंच चिरतो आणि ते झाकलेलं असल्यानं दिसत नाही. श्रेडर गळायला लागला तर त्याची पिन डायव्हिंगसाठी बनवलेलीच घ्या, टायरची घालू नका, आणि ती खास टूलनं बसवतात, किती घट्ट ते ज्याला माहीत आहे त्यानंच हात लावावा कारण सैल राहिली तर गळते आणि फार आत गेली तर निपल तिला नीट दाबू शकत नाही.

आणि साध्या बीसीडी टाइप कपलिंगचा मघाशी राहिलेला फायदा हा, की त्यावर इंटरमीडिएट प्रेशरचा छोटा गेज थेट लावता येतो. गेज लावा, सिलिंडर उघडा, सेकंड स्टेजचं पर्ज (हवा सोडायचं बटण) दोन-तीनदा दाबा आणि काटा तुमच्या रेग्युलेटरच्या मॅन्युअलमधल्या आकड्यावर, साधारण ९ ते १० बारच्या आसपास, येऊन थांबतोय का बघा. पाच मिनिटं तसंच ठेवा. काटा हळूहळू वर सरकत असेल तर फर्स्ट स्टेजची सीट गेलीय, सूट आणि होज कितीही नवे असले तरी तो रेग्युलेटर आधी सर्व्हिसला द्या.